ताईच्या रिकाम्या घराची विशेषणं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी झोप आणि तुझा मुलगा, या तिघांच्या तब्येती कशा आहेत ते सविस्तर कळव. गुडघ्यांचं लिहिताना डावा आणि उजवा वेगवेगळा लिही. मागच्या वेळी नुसतं 'गुडघा बरा आहे' म्हणालीस आणि मी इथे कितीतरी दिवस विचार करत बसलो, की कुठला. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर मी दमलोय. जिना चढून दमतो तसा नाही. एकच गोष्ट दहा जणांना दहा वेळा समजावून माणूस दमतो ना, तसा.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी हुंकार भरतो. आपली लहानपणापासूनची वाटणी आहे ती, माझी तक्रार नाही. पण या खेपेला मला माझं वाक्य शेवटपर्यंत न्यायचंय. शिवाय तुझं घर भाड्याने लावून देणारा तो एजंट (गळ्यात किल्ल्यांचा जुडगा घालून फिरतो, त्यात आपल्या घराची एकही नाही) माझ्याविरुद्ध तुझे कान भरणार आहे. 'तुमच्या भावाने सोन्यासारखं गिऱ्हाईक घालवलं,' असं तो म्हणेल. त्याच्याआधी माझी बाजू तुझ्यापर्यंत पोचावी म्हणून हे पत्र. (पत्र फोनच्या मागून पोचतं हे मला माहीत आहे. हे हातात पडेपर्यंत तू त्याचा फोन उचलू नकोस.)

तर पहिल्यापासून सांगतो. मुलाकडे राहायला जाताना तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, 'घर बंद ठेवू नकोस रे, बंद घराला कुबट वास लागतो. चांगलं माणूस बघून देऊन टाक.' काम सोपं होतं. मी एजंटाकडे गेलो. तो म्हणाला, जाहिरात इंग्रजीत पाहिजे, हल्ली घर शोधणारे मराठी वाचून जिना चढत नाहीत. आणि त्याने खिशातून काढावी तशी तीन विशेषणं काढून माझ्यापुढे टाकली: ब्यूटिफुल, स्पेशियस, एअरी. मी विचारलं, 'तुम्ही घर पाहिलंय का?' तो म्हणाला, 'त्यात पाहायचं काय काका? सगळ्यांना हीच लावतो.'

ताई, माझा सगळा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला. आमच्या धंद्यात काटा बरोबर असतो किंवा नसतो. उद्या कोणी 'सुंदर काटा आहे हो' म्हणत दुकानात आला, तर मी आधी त्याला बसवून पाणी देईन. तेव्हा न पाहिलेल्या घराला 'ब्यूटिफुल' चिकटवायला माझा हात उठेना. घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, 'बाबा, द्या इकडे, मी फोनवरून आत्ता लिहून देतो.' मी नाही म्हटलं. जो माणूस कोणाच्या हाताखाली न राहता काटे शिकला, कुलपं शिकला, घरची वायरिंग शिकला (ती एकदा जळाली, पण का जळाली हेही मीच शोधलं), तो मूठभर विशेषणांसाठी पोराच्या फोनपुढे हात पसरणार नाही. मी रद्दीच्या दुकानातून इंग्रजी व्याकरणाचं एक जाड पुस्तक आणलं. त्यातलं नामाचं प्रकरण आधीच्या मालकाने किंवा उंदराने संपवलेलं आहे. पुस्तक एकदम विशेषणापासून सुरू होतं. त्यामुळे मला सध्या वस्तू कशी आहे ते सांगता येतं. कोणती आहे ते विचारू नकोस.

विशेषण कळायला जितकं सोपं वाटतं तितकं नाही बरं का. आपलं 'चांगला' घे. मुलगा आला की चांगला, मुलगी आली की चांगली, मूल आलं की चांगलं, आणि 'मुलाला' म्हटलं की लगेच मान तुकवून 'चांगल्या'. आल्यागेल्याची मर्जी सांभाळत दिवसभर रूप बदलत असतं बिचारं, नव्या सुनेसारखं. इंग्रजीतलं 'गुड' म्हणजे आमचे सासरे. कोणीही येवो, एक येवो की पन्नास येवोत, ते बसल्या जागेवरून हलत नाही. मला ते आवडलं. (विशेषण आवडलं. सासऱ्यांचं पुढे येईल.)

पण एका गोष्टीवर माझं आणि त्या पुस्तकाचं वाजलं. एका वस्तूला पाच-सहा विशेषणं लावायची तर त्यांची रांग ठरलेली आहे म्हणे. सगळ्यांत आधी मत. मग आकारमान, मग वय, मग घडण, रंग आणि सगळ्यांत शेवटी वस्तू कशाची बनलीय ते. म्हणजे आधी 'वा, छान!' म्हणायचं आणि मग वाकून बघायचं की लाकडाचं आहे की लोखंडाचं. या क्रमाने मी काटे तपासले असते तर बाजारातला एक दुकानदार मला दारात उभा करता ना. मी ठरवलं, तुझ्या घराच्या बाबतीत मत शेवटी. आधी तपासणी.

आता काटा तपासायला प्रमाण वजन लागतं, हे तर तुलाही ठाऊक आहे. पितळेचं, डबीत ठेवलेलं, हात न लावता चिमट्याने उचलायचं. तसं प्रत्येक विशेषणाला काहीतरी प्रमाण नको का? 'स्पेशियस' म्हणजे ऐसपैस. पण कशाच्या मानाने? म्हणून मी टेप घेऊन तुझ्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेलो आणि त्यांच्या खोल्या मोजू देता का असं विचारलं. ते म्हणाले, 'कशासाठी?' मी खरं ते सांगितलं, की तुमच्यापेक्षा आमचं मोठं आहे का नुसतंच मोठं आहे, हे लेखी द्यायचंय. 'लेखी' हा शब्द ऐकताच गृहस्थ पांढरे पडले. त्यांनी गॅलरीला परवानगी न काढता काचा बसवून तिची खोली केली होती, हे मला काय माहीत? दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळ्या काचा उतरवलेल्या. आता त्यांना रोज वाऱ्याने शिंका येतात आणि प्रत्येक शिंकेनंतर ते वर बघून माझं नाव घेतात. तुझं घर त्यांच्याहून मोठं निघालं, काचा उतरवल्यावर तर स्पष्टच. 'सगळ्यांत मोठं' लिहायचं तर गल्लीतली सगळी घरं मोजावी लागली असती. तुझी भावजय म्हणाली, 'तेवढं करा आणि मग तिकडूनच रामराम करा.' म्हणून 'मोठं, अधिक मोठं, सगळ्यांत मोठं' यातल्या दुसऱ्या पायरीवरच मी थांबलो.

मग उजेड. 'सनी' असं लिहायचं तर ऊन कुठे, किती आणि केव्हापर्यंत, हे नको का कळायला? मी खडू घेतला आणि दुपारी जमिनीवर ऊन जिथे पडेल त्याच्या कडेने रेघ ओढत गेलो. ऊन सरकलं की पुन्हा रेघ. आता खिडकीतलं ऊन काही चौकोनी पडत नाही. ते लांबट होतं, मधल्या दांड्याच्या सावलीने त्याला कंबर येते, वर अर्ध्या पडद्यामुळे डोक्यासारखं काहीतरी होतं. मी तपासणीत गुंतलेलो, आणि एजंटाने पाठवलेलं एक नवं जोडपं दारात. ती मुलगी जमिनीकडे बघतच राहिली. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाली, 'काका, इथे काही झालं होतं का?' मी म्हटलं, 'हो, कालच दुपारी. आधी इथे होतं, मग सरकत सरकत त्या भिंतीपर्यंत गेलं.' तिने नवऱ्याचा हात धरला. तो म्हणाला, 'मग?' मी म्हटलं, 'मग काय, फिकट होत होत संपलं. रोजचंच आहे.' ताई, मी त्यांना पाणी विचारायला वळलो तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुलीचा स्कार्फ इथेच राहिला. पोलीस प्रेताभोवती अशाच रेघा ओढतात, असा उलगडा एजंटाने मागून केला, तेव्हा मी स्वतः त्यांना फोन केला आणि म्हटलं, 'अहो, ते ऊन होतं.' त्यांनी फोन ठेवून दिला.

यानंतर मोठा प्रश्न होता 'क्वाएट' म्हणजे शांतचा. हवा कागदाच्या पट्टीने कळते (प्रत्येक खिडकीत एक टांगली आहे), उजेड खडूने कळतो, पण शांतता कळायला बसावं लागतं. आणि प्रमाण म्हणून उलट टोकाची एक वस्तू लागते. ती माझ्याकडे होती: माझं घर. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे रेडिओवरच्या बातम्या आमच्याकडे लागतात आणि पलीकडच्या गल्लीला कळतात. सूनबाईंचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर. ती दिवसभर त्या यंत्रात 'हॅलो, माझा आवाज येतोय का?' असं विचारत असते, आणि मी दर वेळी 'येतोय' म्हणतो तर तिला राग येतो. मी काही सांगायला गेलो की चिरंजीव कानात बोळे घालतात. परवा पुस्तकात वाचलं, की ज्याला थकवा येतो तो 'टायर्ड' आणि जो थकवा आणतो तो 'टायरिंग'. मी सगळ्यांना बोलावून नीट उदाहरणं देऊन समजावलं आणि विचारलं, सांगा, यातला मी कोण? चिरंजीव म्हणाले, 'बाबा, तुम्हाला दोन्ही चालतील.' सूनबाई तोंडावर पदर नसल्याने कॉम्प्युटरचं झाकण धरून हसली. इतकं करून विषय कोणालाच कळला नाही.

तर शांतता तपासायला मी दुकान बंद झाल्यावर तुझ्या घरी जाऊन बसू लागलो. पहिल्या दिवशी उभा राहून ऐकलं, पण उभं राहिलं की स्वतःचेच गुडघे ऐकू येतात (माझे दोन्ही, डावा जास्त). म्हणून घरून एक खुर्ची नेली. नुसतं बसलं की चहाची आठवण येऊन लक्ष विचलित होतं, म्हणून एक किटली. बूट घालून बसलं की पाय हलतात आणि फरशी वाजते, म्हणून सपाता. मग पुस्तक, मग पुस्तकासाठी दिवा, मग डोळे मिटून ऐकताना मान अवघडते म्हणून एक लहान उशी. यातली प्रत्येक वस्तू तपासणीची आहे, हे मी तुला शपथेवर सांगतो. पुस्तकात लिहिलंय की 'एम्प्टी' म्हणजे रिकामं, या विशेषणाला पायऱ्या नाहीत. घर रिकामं असतं किंवा नसतं, 'थोडं रिकामं' असं काही नसतं. यावर मी त्या खुर्चीत बसून बराच विचार केला. मध्ये झोप लागली.

अखेर जाहिरात लिहून झाली. तुझ्या माहितीसाठी मराठीत सांगतो: बऱ्यापैकी मोठं, खालच्या मजल्याहून अधिक हवेशीर, दुपारी उजेडाचं, सकाळी नाही; जुनं, चौकोनी, फिकट पिवळं, सिमेंटचं; नळ हट्टी, जिना उंच, शेजार चौकस. शांततेबद्दल तपासणी चालू आहे. एजंटाने वाचून कपाळावर हात मारला. मी म्हटलं, यातलं एक खोटं काढून दाखवा. तो म्हणाला, 'काका, तेच तर रडगाणं आहे.' पुढे फार दिवस कोणी फिरकलं नाही. मी वाईट वाटून घेतलं नाही. रोज जाऊन बसत होतो.

आणि मग त्या बाई आल्या. छापखान्यात पुस्तकं छापायच्या आधी चुका काढायचं काम करतात. एकट्या, आपल्याच वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात. हातात माझी जाहिरात. दारातच म्हणाल्या, 'सहा ब्यूटिफुल घरं बघून आले. एकाची मोरी जिन्यात होती. हे कोणी लिहिलंय?' मी म्हटलं, 'मी.' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदाच माझं काम कोणी तरी नीट तपासतंय असं मला वाटलं. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, नळ फिरवला, दोनदा ठोकला, आणि बाहेर येऊन समाधानाने म्हणाल्या, 'हट्टी आहे खरा.' जिन्याचं विचारलं तर म्हणाल्या, चालेल. शेजारी वर बघून शिंकतात म्हटलं, तर म्हणाल्या, चालेल. पाल आहे म्हटलं. 'मोठी की लहान?' मी म्हटलं, 'मध्यम.' चालेल. ताई केव्हाही परत येईल म्हटलं, तर म्हणाल्या, 'येऊ द्या की, त्यांचंच घर आहे, मी उठून जाईन.' आणि माझ्या खुर्चीत बसल्या.

बसून म्हणाल्या, 'शांत आहे.' मी म्हटलं, 'अजून तपासणी चालू आहे.' त्या म्हणाल्या, 'त्यात तपासायचं काय? ऐका ना.' आम्ही दोघांनी ऐकलं. एक पट्टी खिडकीत हलली, तेवढंच. काटा दोन्ही बाजूंनी सारखा उभा राहिला की मला आनंद होतो. त्या दिवशी नाही झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'पण घर सध्या रिकामं नाही.' त्यांनी विचारलं, 'मग कोण राहतं?' त्यांनी किटलीकडे पाहिलं, सपातांकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहून नुसतं 'अच्छा' म्हणाल्या. रागावल्या नाहीत. उठताना खुर्ची जिथे होती तिथेच बरोबर सरकवून ठेवली. 'तुमच्या ताईंना विचारा. महिनाअखेरपर्यंत मी थांबते,' एवढं म्हणून गेल्या. जिन्यात एजंट उभा होता. त्याने मला जी विशेषणं लावली ती पुस्तकात नाहीत.

तेव्हा ताई, हकिकत ही अशी आहे. बाई चांगल्या आहेत (हे मत आहे, पण तपासून दिलेलं). घर तुझं आहे, निर्णय तुझा. मी काही बाजूने किंवा विरुद्ध बोलत नाही. तुला योग्य वाटेल ते कळव, म्हणजे मी मोकळा. भाच्याला आशीर्वाद, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माझी सहानुभूती. लोभ आहेच, तो कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. खडूच्या रेघा पुसल्या आहेत. दोन राहिल्यात, त्यांच्यावर खुर्ची आहे.

ता. क. दुसरा. ताई, घर मलाच दे. भाडं तू म्हणशील ते, इतरांसारखं पहिल्या तारखेला. तिथे काही खास नाही, मी सगळं तपासलंय. पण दुकानात दिवसभर लोक येऊन मला सांगतात की मी दुरुस्त केलेला काटा खोटा आहे, आणि घरी आलो की घरातले सांगतात की मी चुकतोय. तुझ्या घरात संध्याकाळी दोन तास कोणी काही म्हणत नाही. एवढंच. तू म्हणालीस चांगलं माणूस बघून दे. ते विशेषण मी स्वतःला लावून घेणार नाही. तू मला पाळण्यापासून बघतेस, तूच ठरव. आणि 'नाही' म्हणायचं असेल तर पत्रातच म्हण, फोनवर नको.

ता. क. तिसरा, अक्षर वेगळं दिसेल. वन्सं, मी लिहितेय. नमस्कार. पाकीट चिकटवून टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. (नवऱ्याचं पाकीट न वाचता चिकटवायला मी काही पोस्टाची पेटी नाही.) घर ह्यांनाच द्या, माझी हात जोडून विनंती आहे. आमच्या बाबांचा रेडिओ मोठा असतो तो ऐकू येत नाही म्हणून नाही. हे शेजारी बसून प्रत्येक बातमी दुरुस्त करतात म्हणून. हे तिकडे जायला लागल्यापासून बाबा आवाज आपणहून कमी करतात. सूनबाई टेबलावर काम करता करता गुणगुणते. पोरगा माझ्याशी बोलायला लागलाय, मला वाटलं होतं त्याला येत नाही. आणि मी संध्याकाळी आडवी होते, वन्सं, लग्नानंतर पहिल्यांदा. त्या छापखान्यातल्या बाईंची काळजी करू नका. मी त्यांना गाठून आमच्या मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या वरच्या दोन खोल्या दाखवल्या, त्यांना पसंत पडल्या. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आणि एक करा: उत्तरात आधी थोडं 'नाही' म्हणा, आढेवेढे घ्या, आणि मग हो म्हणा. एकदम हो म्हणालात तर कुठेतरी काहीतरी चुकतंय असं ह्यांना वाटेल, आणि काय चुकतंय ते शोधायला हे घरीच बसतील.